संगीतविषयक नियतकालिकाचे पान : स्वरलेखनाच्या दृश्यरचनेचा अभ्यास

१

मराठी नियतकालिकांच्या इतिहासाकडे आपण बहुधा विचारांचा इतिहास म्हणून पाहत आलो आहोत. संपादकाची भूमिका, लेखकवर्ग, गाजलेले वाद आणि मासिकाने घडविलेली अभिरुची यांची नोंद केली जाते. छापलेले पान डोळ्यांना कसे दिसते, हा प्रश्न मात्र मुद्रणतज्ज्ञाकडे सोपविला जातो. वाङ्मयीन मासिकाच्या बाबतीत ही विभागणी एक वेळ चालून जाईल. कथा एका स्तंभात छापली काय किंवा दोन स्तंभांत छापली काय, तिच्या अर्थात मोठासा फरक पडत नाही. संगीतविषयक मासिकाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील चिजेच्या स्वरलेखनात एखादी आडवी रेघ गळाली तर राग बदलतो. एखादे अक्षर एका घराने सरकले तर सम चुकते. येथे पानाची मांडणी हाच संहितेचा भाग असतो.

प्रस्तुत लेखात या मांडणीचा विचार करावयाचा आहे. मुखपृष्ठ, छायाचित्रे, शीर्षकांचे वळण ही अंगे महत्त्वाची असली तरी ती सर्वच मासिकांना समान आहेत. संगीत-मासिकाचे खास असे दृश्यरूप स्वरलेखनाच्या पानातच आढळते. म्हणून विवेचन त्या पानापुरते मर्यादित ठेवले आहे. 'संगीत कला विहार' हे गांधर्व महाविद्यालय मंडळाचे १९४७ साली सुरू झालेले मासिक, हाथरसहून १९३५ पासून निघालेले हिंदी 'संगीत' आणि या दोहोंच्या मागे उभी असलेली विष्णु नारायण भातखंडे व विष्णु दिगंबर पलुसकर यांची ग्रंथरचना ही या विवेचनाची पार्श्वभूमी होय.

२

हा विचार मुंबई-पुण्याच्या केंद्रातून करण्याऐवजी भिलाईसारख्या ठिकाणाहून केल्यास त्यातील काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. याच सुमारास, १९५६ साली, त्या वेळच्या त्याच दुर्ग जिल्ह्यातील खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. संस्थानिक राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ त्यासाठी राजवाडा दिला होता. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे १९५७ ते १९६० या काळात तेथे कुलगुरू होते. एकाच जिल्ह्यात, अवघ्या तीन-चार वर्षांच्या अंतराने, एक पोलादाचा कारखाना आणि एक संगीताचे विद्यापीठ उभे राहिले.

हा टापू भाषांच्या सीमेवरचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांनी हिंदीत काव्य लिहिले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत. एका घरात दोन भाषा आणि दोहोंची लिपी एक, असे हे उदाहरण आहे. कारखान्यामुळे भिलाईत छत्तीसगढी व हिंदी भाषकांच्या शेजारी मराठी, बंगाली, तेलुगू, मलयाळी कुटुंबे आली. अशा वस्तीत संगीत-मासिक वाचणाऱ्या मराठी माणसाला गद्य मराठीत हवे असते. चिजेचे शब्द मात्र बहुधा ब्रज भाषेतले असतात आणि शेजारच्या हिंदी विद्यार्थ्याला तेच पान उपयोगी पडावे लागते. हे कार्य कोणता घटक पार पाडतो? याचे उत्तर स्वरलेखनाच्या चौकटीत आहे.

भातखंडे यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिली गेली. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भागही मराठीतच सिद्ध झाले. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने ही ग्रंथसंपदा हिंदीत आणली. या भाषांतरात गद्याचा प्रत्येक शब्द बदलावा लागला. स्वरलेखनाची पाने मात्र भाषांतराविना हिंदीत जाऊ शकत होती. मराठी वाचकाला जे 'प' ते हिंदी वाचकालाही 'प'. ग्रंथाचा जो भाग भाषांतरकाराच्या कक्षेबाहेर राहतो, त्यानेच त्या ग्रंथाला प्रांताबाहेर नेले, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

३

आता या पानावरील चिन्हांकडे वळू. भातखंडे-लिपीत शुद्ध स्वराला चिन्ह नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू व तार सप्तकासाठी अक्षरावर बिंदू. एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली अर्धवर्तुळाकार कंस. स्वर लांबवावयाचा तर पुढे आडवी रेघ. शब्दातील अक्षर लांबवावयाचे तर अवग्रह. तालाच्या खुणा ओळीखाली असतात : समेला ×, कालाला ०, इतर टाळ्यांना २, ३ असे अंक.

यातील जवळजवळ प्रत्येक चिन्ह देवनागरीच्या भांडारातून उचललेले आहे. तार सप्तकाचा बिंदू म्हणजे दिसावयास अनुस्वारच. अवग्रह हे संस्कृत लेखनातील लुप्त अकाराचे चिन्ह. येथे ते लोपाऐवजी लांबणी सुचविते. अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ ही जोडी ऋग्वेदाच्या मुद्रित संहितेत अनुदात्त व स्वरित दाखविण्यासाठी रूढ आहे आणि तेथे उदात्त अचिन्हित राहतो, जसा येथे शुद्ध स्वर. एकाने दुसऱ्यापासून ही जोडी घेतली, असे या साम्यावरून म्हणण्याचे कारण नाही. मात्र अक्षराच्या वर व खाली खूण करून उच्चाराची उंची दाखविण्याची दृष्टी या लिपीला नवी नव्हती, एवढे त्यावरून दिसते. संगीताच्या पानाने नवी चित्रलिपी घडविण्याऐवजी जुन्या खुणांना नवे अर्थ दिले.

पलुसकर यांनी याच भांडारातून वेगळी निवड केली. त्यांच्या लिपीत कोमल स्वराचा पाय मोडतात. मंद्राचा बिंदू अक्षराच्या वर असतो आणि तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ येते. प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची स्वतंत्र खूण असते. एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, अशी ही व्यवस्था आहे. समेला १, कालाला +, आणि उरलेल्या टाळ्यांना त्या ज्या मात्रेवर पडतात तिचा अंक. त्यामुळे त्रितालाखाली १, ५, +, १३ अशा खुणा दिसतात.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की एक अडचण उभी राहते. अक्षरावरचा बिंदू एका पद्धतीत तार सप्तक सांगतो, दुसरीत मंद्र. मध्यमावरची उभी रेघ एकीकडे तीव्रत्व दाखविते, दुसरीकडे तार सप्तक. × आणि + या खुणा तर आकाराने बहिणी आहेत. पण एक समेची आहे आणि दुसरी कालाची. म्हणून ज्या मासिकाच्या वाचकवर्गात दोन्ही परंपरांचे विद्यार्थी असतात, त्याला चिजेच्या माथ्यावर लिपीचा उल्लेख करावाच लागतो. हा उल्लेख वगळून एखादे जुने पान पुनर्मुद्रित केले, तर सगळी अक्षरे शाबूत राहूनही संहिता उलटीपालटी होते.

बंगालीतील आकारमात्रिक पद्धतीशी तुलना केली असता हेच तत्त्व पुन्हा दिसते. ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी घडविलेल्या आणि 'स्वरवितान'च्या खंडांत वापरलेल्या या पद्धतीत मात्रा दाखविण्यासाठी आकाराची खूण (काना) येते, मंद्रासाठी हसन्त व तारासाठी रेफ. कोमल स्वरांसाठी तर स्वतंत्र अक्षरेच योजिली आहेत. कोमल ऋषभ 'ऋ' असतो. भिलाईतील एखाद्या बंगाली घरात 'स्वरवितान'चा खंड आणि शेजारच्या मराठी घरात क्रमिक पुस्तक असेल, तर दोन लिप्यांतील ही दोन पाने एकाच युक्तीवर उभी आहेत : गाणे लिहिण्यासाठी भाषेचीच अक्षरे कामाला लावणे.

४

या खुणा किती भार वाहतात, हे एका साध्या मोजणीने समजते. भातखंडे यांचे दहा थाट एकाखाली एक लिहिले, तर प्रत्येक ओळीत सा रे ग म प ध नि हीच सात अक्षरे येतात. एकूण अक्षरे ७०. आणि अक्षरांकडेच पाहिले तर दहाही ओळी एक. सर्व भेद खुणांत आहे. बिलावलला एकही खूण नाही. कल्याण व खमाज यांना प्रत्येकी एक. काफी, भैरव व मारवा यांना दोन-दोन. आसावरी व पूर्वी यांना तीन-तीन. भैरवी व तोडी यांना चार-चार. बेरीज २२ होते. त्यांपैकी १८ खुणा अक्षराखालच्या आडव्या रेघा असून ४ मध्यमावरच्या उभ्या रेघा आहेत. (श्रुतींची संख्याही २२ असली, तरी हा केवळ योगायोग आहे.)

याचा अर्थ असा, की पानावरून या २२ बारीक रेघा पुसल्या गेल्या तर सर्व थाटांचा बिलावल होतो. भैरवाची पहाट, तोडीची करुणा, कल्याणाची संध्याकाळ यांतले काहीच उरत नाही. बिलावलला शुद्ध सप्तक मानण्याचा शास्त्रकारांचा निर्णय पानावर 'खूण नसणे' या रूपाने उतरला आहे. शास्त्रातले गृहीतक मांडणीत असे मुरले, की वाचकाला ते निसर्गसिद्ध वाटू लागते.

५

चिन्हांनंतर चौकट. एका चिजेच्या पानाची सर्वसाधारण रचना अशी असते : माथ्यावर राग, ताल व लय, त्याखाली स्थायी व अंतरा यांचे शब्द पद्याप्रमाणे ओळी पाडून, आणि मग स्वरलेखन. स्वरलेखनात तीन पातळ्या असतात. वरच्या ओळीत स्वर, मधल्या ओळीत शब्दाची सुटी अक्षरे, खालच्या ओळीत तालाच्या खुणा. उभ्या रेषा तालाचे खंड पाडतात.

म्हणजे एकच कविता एका पानावर दोनदा छापलेली असते. पहिल्यांदा ती डोळ्यांनी वाचावयाची. तेथे शब्द अखंड आहेत आणि चरण यमकावर थांबतो. दुसऱ्यांदा ती कालमानात पसरलेली असते. शब्द फुटून अक्षरे घराघरांत बसतात आणि एखाद्या अक्षरामागे अवग्रहांची रांग लागते. 'मात्रा' या शब्दाची तीन रूपे येथे एकत्र येतात : लिपीतील एकाराची मात्रा, मात्रावृत्तातील लघुगुरूंची मात्रा आणि तालाची मात्रा. पद्य म्हणून वाचताना जे अक्षर लघु असते, ते चौकटीत तीन मात्रा व्यापू शकते. छंदःशास्त्राचे गणित आणि गायनाचे गणित कोठे जुळते व कोठे परस्परांपासून सुटते, हे दाखविणारे याहून नेमके साधन अभ्यासकाला सापडणे कठीण आहे.

या चौकटीत एक सूक्ष्म निवड दडलेली आहे. त्रितालाच्या मध्यलयीच्या अनेक चिजा नवव्या मात्रेवरून, म्हणजे कालावरून उठतात. अशा चिजेची छापील ओळ समेपासून सुरू होत नाही. ती ०, ३, ×, २ या क्रमाने मांडली जाते. तालाचे आवर्तन समेपासून मोजले जात असले, तरी पानावरची ओळ कवितेच्या पहिल्या शब्दापासून सुरू होते आणि सम ओळीच्या मध्यावर येते. मुखडा समेकडे चालत जातो, हे गायनातले सत्य यामुळे डोळ्यांना दिसते. पानाची कडा कोणाच्या मालकीची, तालाची की कवितेची, या प्रश्नाचा निकाल येथे कवितेच्या बाजूने लागला आहे.

आणखी एक वैशिष्ट्य. पाश्चात्त्य स्वरलेखनात स्वराचे चिन्ह आणि गीताचे अक्षर यांचे आकार भिन्न असतात. येथे दोन्ही ओळी एकाच लिपीत आहेत. वरच्या ओळीत 'म' आला तर तो मध्यम. खालच्या ओळीत आला तर 'मन' या शब्दातले पहिले अक्षर. वरचा 'गं' हा तार गंधार. खालच्या 'रंग'मधील बिंदू नाकातला उच्चार. अर्थ ठरतो तो केवळ जागेवरून. म्हणूनच या पानाची जुळणी हे जुळाऱ्याच्या कसोटीचे काम होते. गद्याची ओळ कोठेही मोडता येते. स्वरलेखनाची ओळ आवर्तन पुरे झाल्याखेरीज मोडता येत नाही. स्वराखाली त्याचेच अक्षर यावे म्हणून दोन्ही ओळींत मोकळ्या जागेचे खिळे मोजून भरावे लागत. त्यातच 'रे' व 'नि' या अक्षरांच्या माथ्यावर मात्रा व वेलांटी आधीच बसलेल्या. तेथे तार सप्तकाचा बिंदू आणखी दाटी करतो. मंद्रातल्या कोमल निषादाला तर खाली बिंदूही हवा आणि रेघही.

६

या दाटीविरळीमुळे निरनिराळ्या रागांची पाने दिसावयासही निरनिराळी असतात. दरबारी कानडा मंद्र सप्तकात रमणारा. गंधार, धैवत, निषाद कोमल. त्याचे पान तळाशी जड दिसते, कारण बिंदू आणि रेघा दोन्ही अक्षरांच्या पायाशी जमतात. अडाणा पुष्कळसा त्याच स्वरांचा, परंतु उत्तरांगप्रधान. त्याच्या पानावर बिंदू माथ्यावर चढलेले असतात. दोन पाने हातभर अंतरावरून पाहिली, तरी रागांच्या चलनातला हा भेद जाणवावा. ताना लिहिलेल्या पानावर एका घरात दोन-दोन, चार-चार स्वर कंसात येतात आणि विलंबित आलापाच्या मोकळ्या पानाशेजारी ते पान भरगच्च दिसते.

मात्र याच दरबारीच्या उदाहरणात पानाची मर्यादाही उघड होते. दरबारीचा गंधार आंदोलित असतो. त्या हेलकाव्यातच रागाचे व्यक्तित्व आहे. पानावर त्या गंधाराखाली एक आडवी रेघ असते, इतर कोणत्याही कोमल गंधाराखाली असावी तशीच. कणस्वर बारीक अक्षरात लिहिता येतो, मींड वरच्या वक्र रेषेने दाखविता येते. आंदोलनाचा वेग व रुंदी मात्र गुरुमुखातूनच घ्यावी लागते. 'संगीत कला विहार'चे दीर्घकाळ संपादक असलेले प्रा. बा. र. देवधर यांनी त्या मासिकात गायकवादकांची जी चरित्रे लिहिली आणि जी पुढे 'थोर संगीतकार' या ग्रंथात संगृहीत झाली, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहता येईल. कोण कसा गात असे, स्वर कसा लावीत असे, हे गद्यात सांगणारी चरित्राची पाने आणि स्वर मोजून देणारी स्वरलेखनाची पाने ही परस्परपूरक आहेत. चौकटीतून जे निसटते, ते गद्य पकडू पाहते. मासिकाचा अंक समग्र वाचावयाचा तो या कारणासाठी.

भिलाईच्या आसमंतात चौकटीबाहेरचे आणखी एक जग आहे. पंडवानीच्या ख्यातनाम गायिका तीजनबाई या भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीतील कथन, गायन व अभिनय प्रत्येक सादरीकरणात नव्याने घडतात. तंबोऱ्याची कधी गदा होते, कधी रथ. हे सोळा घरांच्या ओळीत बसविणे जवळजवळ अशक्य आहे. छापील पानाला जे पेलते, तेच संगीत विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सहजपणे शिरते, आणि जे पेलत नाही ते 'लोककला' या सदरात जाते. ही विभागणी कलेच्या गुणांवरून जितकी झाली असेल, तितकीच पानाच्या सोयीवरूनही झाली असावी, अशी शंका घेण्यास जागा आहे.

७

हा विचार आज निकडीचा झाला आहे. जुन्या मासिकांचे संगणकीय रूपांतर वेगाने चालू आहे आणि ते गद्याला डोळ्यांपुढे ठेवून केले जाते. अक्षर ओळखणारे यंत्र 'रे' ओळखते. त्याखालची रेघ कागदावरचा डाग समजून सोडून देते किंवा वेगळ्याच खुणेत बदलते. तीन पातळ्यांची ओळ उलगडून एकामागोमाग एक अक्षरे लिहिली जातात. स्वर आणि शब्द यांची सरमिसळ होते. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर ओळ भलत्याच ठिकाणी मोडते आणि समेची खूण दुसऱ्याच अक्षराखाली जाऊन बसते. संगणकाच्या अक्षरसंचात वैदिक स्वरचिन्हे उपलब्ध असल्याने कोमल-तीव्राच्या रेघा लिहिता येतात, ही दिलाशाची गोष्ट. परंतु खूण लिहिता येणे आणि ती योग्य घरात टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शोधयंत्राला चिजेचे शब्द सापडतील, लेखकाचे नाव सापडेल; गाणे मात्र सापडणार नाही, आणि ते हरवल्याची जाणीवही कोणाला होणार नाही. कारण उरलेले पान अशुद्ध दिसत नाही. ते बिलावलसारखे दिसते.

यावरून अभ्यासाची काही पथ्ये सुचतात. संगीत-मासिकांची सूची करताना प्रत्येक चिजेपुढे राग व ताल यांबरोबर स्वरलिपीची पद्धती नोंदवावी. रूपांतरित संहितेबरोबर मूळ पानाचे चित्र अनिवार्यपणे जतन करावे. बंदिशींच्या काव्याचा अभ्यास करणाऱ्याने माथ्यावर पद्यरूपाने छापलेल्या शब्दांवरच न थांबता चौकटीतली त्यांची मांडणीही वाचावी. कोणत्या अक्षरावर सम आली आणि कोणत्या अक्षराला लांबणी मिळाली, हाही काव्याच्या अर्थाचाच भाग आहे. पुनर्मुद्रणाची मुद्रिते तपासताना अक्षरांइतकेच त्यांच्या खालचे व वरचे मोकळे क्षेत्र तपासावे.

विष्णु दिगंबरांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली होती. तरीही लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयाच्या (१९०१) दिवसांपासून त्यांनी क्रमिक पुस्तके आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक यांच्याद्वारे संगीत कागदावर उतरविण्याचा ध्यास घेतला. ज्या विद्यार्थ्याला गुरूच्या घरी राहता येत नाही, त्याच्यापर्यंत पान तरी पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. मुंबईपासून शेकडो कोस दूर, पाळीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या नगरातला विद्यार्थीही त्यात गृहीत होता. त्याच्यासाठी अक्षराखालची ती बारीक रेघ म्हणजे अनुपस्थित गुरूचा आवाज असते. ती रेघ जपणे हे मुद्रकाचे काम होते तसेच आता ते वाङ्मयाच्या अभ्यासकाचेही काम झाले आहे.